खंडेनवमीचा गंज

२८ ऑगस्ट १९४२

आजपासून ही वही सुरू. तोंडी बोललेलं माणूस उद्या फिरवतो, म्हणून वखारीतलं सगळं इथं लिहून ठेवणार.

आठ दिवसांपूर्वी फौजदारसाहेबांनी मला उचगावहून बोलावून घेतलं आणि बेळगावातल्या एका रिकाम्या वखारीची किल्ली हातात दिली. 'चले जाव' सुरू झाल्यापासून तारा तुटताहेत, चावड्या जळताहेत. म्हणून खेड्यापाड्यांतल्या परवान्याच्या बंदुका सरकारनं गोळा केल्या आहेत. आजवर साठ नग. बहुतेक ठासणीच्या, शेतातली डुकरं हाकायच्या. नऊ तेवढ्या बारा बोअरच्या. गोंधळ निवला की ज्याच्या त्याला परत जायच्या. तोवर त्या राखायचं काम माझ्याकडे.

मी पलटणीत एकवीस वर्षं होतो, त्यातली चौदा हत्यारखान्यात. बसऱ्याच्या वाळूत माझ्या हाताखालची एकही रायफल अडली नाही. साहेबांना म्हणालो, पाऊस कितीही पडो, गंजाचा ठिपका दिसला तर परशराम हवालदाराला विचारा. ते म्हणाले, विचारणारच.

वखार पूर्वी तंबाखूची होती. कौलं गळतात, भिंतीला हात लावला तर ओला होतो. दारावर यल्लाप्पा नावाचा पहारेकरी आहे. तो बसल्या बसल्या झोपतो की झोपेचं सोंग करतो ते अजून ठरलेलं नाही. हाताखाली सिद्राम म्हणून माणूस दिला आहे, शहापूरचा विणकर, चाळिशीचा. लढाईमुळे सूत मिळत नाही, माग बंद, म्हणून इथं आला. कमी बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसावर मी दुप्पट लक्ष ठेवतो.

१ सप्टेंबर

काम लागलं. सिद्राम चुलीवर हंडाभर पाणी उकळतो, मी ते नळीतून ओततो. ठासणीच्या दारूचं किटण उकळत्या पाण्याशिवाय निघत नाही. मग दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढायची. पलटणीत तिला फुलतरू म्हणतात. नळी कोरडी झाली की तेलाचं बोट लावायचं, बाहेरून पुसायचं, घोड्याच्या खाचेत एक थेंब. बंदूक उभी करताना नळी खाली, दस्ता वर. उलटं केलं तर तेल उतरून लाकडात मुरतं आणि दस्ता कुजतो. हे शंभरात नव्वदांना माहीत नसतं.

अडचण दोन. तेल आणि चिंध्या. रंगून तेलाचे माझ्याकडे दोनच डबे आहेत, आणि रंगून तर जपान्यानं घेतलं. पुसायचं फ्लॅनेल कुठंच मिळत नाही. जुनं धोतर कोण देतो? लोक तेच नेसताहेत.

सिद्राम म्हणाला, घरी ताण्याची टोकं पडून आहेत. साडी विणून झाली की मागावर हात-दीड हात सूत उरतं, ते कापून टाकतात. उन्हाळ्यातली दोन पोती साठली आहेत. मी नमुना मागवला. पांढरंशुभ्र, मऊ, कोरं सूत. पुसायलाही चांगलं आणि नळीभोवती गुंडाळायलाही. हरखलो मनातून, पण तोंडावर दाखवलं नाही.

तो म्हणाला, "अण्णा, ह्ये एकदा धुऊन घेतलं तर बरं हुईल."

मी म्हणालो, आठ दिवस ऊन नाही, धुतलं तर वाळणार कधी? आणि कोऱ्या सुताला मळ कसला? ओलं सूत नळीला लावलं तर तूच गंजाला आमंत्रण देशील. हत्याराचं मला शिकवू नकोस. काही तरी आणखी बोलायचं होतं त्याला आणि ते त्यानं गिळलं, हे मी पाहिलं आहे.

५ सप्टेंबर

कणकुंबीकडचा मष्णू म्हणून एक शेतकरी त्याची बंदूक घेऊन आला. उशिरा जमा केली म्हणून आधी चावडीवर शिव्या खाऊन आलेला. बंदूक बघून माझ्या अंगावर काटा आला. नळी, दस्ता, घोडा, सगळ्यावर काजळीचा थर. चुलीवर धुरात टांगून ठेवतात म्हणे, त्यांच्याकडे सगळेच. वर हात जोडून विनवत होता, "हवालदार, हिला पेटीत घालू नगा, चुलीवरच टांगा. माझ्या आज्यापास्नं ती तशीच हाय."

असलं हत्यार माझ्या हातचं नव्हे. नोंद केली आणि सिद्रामाला सांगितलं, टांग तुझ्या पाण्याच्या चुलीवरच. लोकांना बंदूक आणि सुकं बोंबील यांतला फरक कळत नाही.

बाकीच्या साठांपैकी एकोणतीस आजपर्यंत साफ करून सुतात गुंडाळल्या. पेट्यांत मातीच्या वाडग्यांतून कळीचा चुना ठेवला आहे, तो ओल ओढून घेतो. इतकं तर पलटणीतही कोणी केलं नसतं.

१४ सप्टेंबर

गणपतीला उचगावला गेलो होतो. किल्ली कंबरेला बांधूनच. बायको, रुक्मा, म्हणाली, आरती तरी किल्ली काढून करा. मी काढली नाही. देवासमोर किल्ली काढून ठेवायची आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात डोळे मिटून उभं राहायचं, हे मला जमत नाही. ती म्हणाली, तुम्ही गणपतीच्याही मोदकावर नजर ठेवाल. ठेवतोच. गेल्या वर्षी एकवीसचे एकोणीस झाले होते.

२२ सप्टेंबर

आज एक गोष्ट कळली आणि बाकीच्या सगळ्या आपोआप जुळल्या. यल्लाप्पानं सांगितलं, सिद्रामाचा धाकटा भाऊ नागोजी ऑगस्टपासून घरी नाही. तारा तोडणाऱ्यांत होता म्हणतात. शहापूर सांगलीकरांच्या संस्थानात. रस्ता ओलांडला की आपल्या फौजदाराचा अंमल संपला. लपायला याहून सोयीचं गाव कुठलं? आणि त्याच घरातला माणूस माझ्याबरोबर एकसष्ट बंदुकांत दिवसभर बसतो.

यल्लाप्पानं हे मला का सांगितलं, तेही बघायला हवं.

२६ सप्टेंबर

नजर ठेवली तर दिसतंच. सिद्राम रोज दुपारी जेवायला घरी जाताना बगलेत एक गाठोडं नेतो आणि येताना घेऊन येतो. काय आहे विचारलं तर म्हणाला, भाकरी. भाकरी नेतो कोण? भाकरी आणतात.

आज मी दाराआड उभा राहिलो. तो आत एकटा होता. त्यानं सात नंबरची पेटी उघडली, एका बंदुकीवरचं सूत सोडलं, नाकाशी नेलं, बोटांनी चोळलं आणि गाठोड्यातलं दुसरं सूत काढून तिला गुंडाळायला लागला. मी पुढं होऊन मनगट धरलं. काय करतोस? म्हणाला, "काय न्हाय अण्णा, सादळलंय का बघत हुतो." सात, आठ, नऊ नंबरच्या पेट्यांत हात घातल्याचं त्यानं कबूल केलं. बाकीच्यांना नाही म्हणतो.

मी तिथंच सांगितलं, आजपासून गुंडाळलेल्या बंदुकीला तू बोट लावायचं नाहीस. पाणी उकळ, केर काढ. सगळ्या पेट्यांना कुलपं घातली आणि कुलपांवर लाख ओतून माझ्या अंगठीचा छाप उठवला. तो बघत उभा राहिला. "अण्णा, निदान आठ दिसांनी एकडाव उघडून बगा," एवढंच बोलला. म्हणजे मी उघडाव्यात आणि त्याला संधी मिळावी. मी काही दुधखुळा नाही.

२ ऑक्टोबर

पाऊस थांबत नाही. बेळगावचा हा बारीक पाऊस धो धो पावसापेक्षा वाईट, तो भिंतीतून आत येतो. सरकारी तेल संपलं. उरलेल्या बोटभर तेलात घासलेट मिसळलं. सिद्राम गुमान केर काढतो, चुलीपाशी बसतो आणि मधूनच पेट्यांकडे बघतो. त्याच्या डोळ्यांत मला काळजी दिसते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी

रात्र फार झाली आहे. तरी सगळं लिहितो.

आज शस्त्रांची पूजा. फौजदारसाहेब स्वतः येणार होते. मी सकाळी अंघोळ करून, हळद-कुंकू, झेंडूची फुलं घेऊन वखारीत गेलो. लाख तपासली. सगळे छाप शाबूत होते. पहिली पेटी उघडली, सूत सोडलं आणि नळी उजेडात धरली. नळीवर गंज. ठिपके नाहीत, बारीक बारीक तांबूस रेषा, एकीला लागून एक, वळसे घेत नळीभर गेलेल्या. पाण्याचे ओघळ सोडावेत तशा. दुसरी तशीच, तिसरी तशीच. सहा पेट्यांतल्या चाळीस बंदुका, त्यांतल्या काळ्या मुलाम्याच्या नऊ बारा बोअर सुटल्या, बाकी एकतीसांवर रेषा. घोड्याच्या खाचेपर्यंत.

सात, आठ, नऊ या तीन पेट्या मात्र स्वच्छ. वीसच्या वीस बंदुका आरशासारख्या. मष्णूची चुलीवरची बंदूक तर पुसून बघितली, काजळीखाली एक डाग नाही. पण ती मोजत नाही, तिला कोणी हातच लावला नव्हता.

मी सूत नाकाशी नेलं. वास नाही. मग जिभेला लावलं. खारट.

साहेब आले तेव्हा मी बंदुका ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. फुलं तशीच पाटीत होती. मी सांगितलं, कोणी तरी मिठाचं पाणी सोडलं आहे. साहेबांनीही सूत चाखून बघितलं आणि थुंकले. विचारलं, पेट्यांना हात कोणी लावला? मी सिद्रामाचं नाव घेतलं. सव्वीस तारखेला काय पाहिलं ते सांगितलं. साहेब म्हणाले, पण त्यानं हात लावलेल्याच पेट्या साफ आहेत की. मी म्हणालो, साहेब, तीच तर मेख आहे. पकडला गेला त्या पेट्या त्यानं साफ ठेवल्या, म्हणजे संशय फिटावा. बाकीच्यांत आधीच करून ठेवलेलं होतं. आणि भाऊ फरार आहे त्याचा. भावानं तारा तोडायच्या, यानं बंदुका.

साहेबांनी सिद्रामाला समोर उभं केलं. हे सूत खारट कसं झालं, बोल. तो माझ्याकडे बघत होता, साहेबांकडे नाही. वाटलं आता बोलेल. मग साहेबांनी विचारलं, हे सूत आणलं कुठनं? त्याचा चेहरा एकदम बदलला.

"बाजारातनं," म्हणाला. "मिठाचं मला काय ठावं न्हाय. तुमाला जे वाटंल ते लिवा."

धडधडीत खोटं. सूत त्याच्या घरचं, हे मला माहीत होतं. पण साहेब तोवर चिडून शिपायांना हाक मारत होते आणि मी काही बोललो नाही. खोटं बोलणारा माणूस पकडला गेला आहे, मग सुताचं राहू दे, असं वाटलं. त्याच्या दंडाला दोरी बांधून नेलं. जाताना पायातल्या वहाणा दारात राहिल्या, त्या यल्लाप्पानं आत आणून ठेवल्या.

१९ ऑक्टोबर, दसरा

रुक्माला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बरं झालं तुमचं लक्ष होतं. ती म्हणाली, "अवो, ज्याला बंदुका नासवायच्या त्यो रोज पानी कशाला उकळंल तुमच्यासाटी?" बायकांना राजकारण कळत नाही. पुरणपोळी अर्धी टाकून उठलो. सोनं वाटायला गावात गेलो नाही.

३ नोव्हेंबर

सिद्राम अजून कोठडीत आहे. साहेब म्हणतात, नागोजीचा पत्ता देईपर्यंत सोडणार नाही. आणि बंदुका नासवल्याचा खटला उभा राहिला तर सहा-सात वर्षं कुठं गेली नाहीत.

मी एकटाच गंज काढतो आहे. घासलेट, राख, हलका हात. दहा बंदुका पूर्ववत केल्या. तेल लावून त्याच पांढऱ्या सुतात, पोत्यातल्या उरलेल्या, गुंडाळून एक आणि दोन नंबरच्या पेट्यांत ठेवल्या, वर कुलूप आणि लाख. हे ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला.

आज उघडल्या. दहाही बंदुकांवर त्याच बारीक तांबूस रेषा.

सिद्राम कोठडीत. किल्ली माझ्या कंबरेला. यल्लाप्पाला मी दसऱ्यापासून उंबऱ्याच्या आत येऊ दिलेलं नाही. कौलं तपासली, उंदराची बिळं तपासली. संशय घ्यायला माणूसच उरला नाही. दिवसभर वखारीत बसून होतो. एकदा तर स्वतःचाच हात चाखून बघितला, घामाचं मीठ असेल म्हणून.

शेवटी पोत्यातलं सूत चाखलं. ते कोरं, पेटीत न गेलेलं, कोणी पाणी न सोडलेलं. तेही खारट.

म्हणजे मीठ वखारीत नाही, शहापुरात कालवलं गेलं आहे. त्याच्या घरी. उद्या जाऊन मिठाचं पोतंच पकडतो.

५ नोव्हेंबर

काल शहापूरला गेलो. आल्यावर लिहिता आलं नाही.

सिद्रामाचं घर म्हणजे एक लांब खोली, निम्मी मागानं अडवलेली. माग रिकामा. त्याची बायको अंबूबाई चुलीपाशी होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, घोंगडं अंथरलं आणि गुळ-पाणी दिलं. तिला वाटलं, मी नवऱ्याची खुशाली घेऊन आलो. "त्ये तुमचं लई नाव काडायचे. हवालदार लई जानता मानूस, त्यांचा हात बगून शिकावं म्हनायचे." मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

मी आडून आडून मिठाचं विचारलं. आडून विचारायची काही गरज नव्हती. तिनं मागाखालचं मडकं दाखवलं. खळीचं मडकं. ताण्याच्या सुताला आधी तांदळाची खळ लावतात, म्हणजे ते ताठ राहतं. उन्हाळ्यात कोरड्या हवेनं सूत तडकतं, म्हणून त्या दिवसांत खळीत मूठभर मीठ घालायचं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, सूत नरम राहतं. तिची सासू घालायची, सासूची सासू घालायची. शहापुरातली पोरंसोरंही हे जाणतात.

"त्ये म्हनले असतील की तुमाला, धुऊन घ्या म्हनून. मलाबी म्हनले हुते, अण्णा ऐकना झाल्यात, तू थोडं थोडं धुऊन चुलीवर वाळवून ठेव, मी दुपारचं नेतो."

गाठोडं. भाकरीचं गाठोडं.

ती बोलत होती आणि मला तीन पेट्या दिसत होत्या, सात, आठ, नऊ. आरशासारख्या वीस बंदुका. बाकीच्यांनाही तो पुरा पडला असता. मीच त्याचं मनगट धरलं आणि वर लाख ओतली. गंजाच्या रेषा बारीक होत्या, कारण सूत बारीक असतं. चौदा वर्षं हत्यारखान्यात काढलेल्या माणसाला हे दिसू नये.

मग तिनं विचारलं, काय गुन्हा केलाय त्यांनी? कोणी धड सांगत न्हाय. आणि म्हणाली, कोठडीतनं निरोप आलाय, सूत कुठलं म्हणून कुणी विचारलं तर बाजारातलं म्हणून सांग, आपल्या घरचं म्हणू नगंस. "असं का सांगिटलं असंल, हवालदार?"

मला ते तिथंच कळलं. साहेबांनी सूत कुठलं विचारलं तेव्हा त्याचा चेहरा का बदलला तेही. घरचं म्हटलं असतं, तर खळ कोणी केली, मीठ कोणी घातलं, असं विचारत, सांगलीकरांना लिहून, ते अंबूबाईपर्यंत गेले असते. फरार दिराची भावजय, तिच्या हातचं मीठ, सरकारी कोठारातल्या बंदुका. साहेबांना याहून काय हवं होतं? स्वतःला वाचवायचा एकच शब्द त्याच्यापाशी होता आणि तो त्यानं तिच्यासाठी गिळला.

मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? उठताना तिनं धुऊन वाळवलेल्या सुताची एक मोठी वळकटी माझ्या हातात दिली. तुमच्या कामाला हुईल, म्हणाली. लाज वाटली. एवढी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

८ नोव्हेंबर, दिवाळी

दोन दिवस विचार करतो आहे. खरं सांगितलं तर अंबूबाई अडकते. गप्प बसलो तर सिद्राम सडतो. तिसरं काही तरी असलं पाहिजे. आयुष्यभर लोकांचं खोटं हुडकत आलो, आता स्वतःला एक चांगलं खोटं सुचत नाही.

रुक्माला आज सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही, हेच जास्त लागलं. फक्त म्हणाली, "खोटं असं सांगा की तुमच्यावरच शेकंल. मग कुनी इचारनार न्हाय."

१० नोव्हेंबर

फौजदारसाहेबांकडे गेलो आणि जबानी दिली. सूत बाजारातून मीच आणवलं. आणि ते मी माझ्या घरच्या रिकाम्या मिठाच्या पोत्यात भरून ठेवलं होतं. पोतं झटकलं नव्हतं. सिद्रामानं धुऊन घ्या म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्यानं लपून सूत बदललं ते बंदुका वाचवण्यासाठी, म्हणून त्या पेट्या साफ राहिल्या. तो कोठडीत असताना माझ्या किल्लीखाली दहा बंदुका पुन्हा गंजल्या, त्याही दाखवल्या.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "मिठाच्या पोत्यात? हवालदार, तुम्ही?" कारकून तोंडावर हात धरून हसला. मग दुसरा हसला. साहेबही हसले आणि म्हणाले, चूल फुंकणाऱ्या बाईलाही एवढं कळतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. पलटणीत माझी चूक काढायची कोणाची छाती नव्हती. आता हे कचेरीतून बाजारात आणि बाजारातून उचगावात जाईल, आणि मी मेल्यावरही मला मिठाचा हवालदार म्हणतील. म्हणू देत.

साहेबांनी विचारलं, हे सगळं त्याला वाचवायला तर सांगत नाही ना? मी म्हणालो, साहेब, मी माणसं वाचवणाऱ्यांतला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते त्यांना पटलं.

अंगठा नाही, सही केली. काम गेलं. किल्ली टेबलावर ठेवली.

२४ नोव्हेंबर

सिद्राम परवा सुटला. पस्तीस-छत्तीस दिवस आत होता. आज मी त्याच्या वहाणा घेऊन शहापूरला गेलो.

तो दारात बसला होता. खंगला आहे. मी वहाणा पायापाशी ठेवल्या आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. तोच म्हणाला, "मिठाच्या पोत्याचं ऐकलं मी." त्याला पुढं हसायचं होतं की थुंकायचं होतं, ते मला कळलं नाही.

मी म्हणालो, तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. तुला दोरी मी बांधायला लावली.

"व्हय," म्हणाला. एवढंच. असू दे अण्णा, असं म्हणाला नाही. मी तशी वाट बघत होतो, हे लिहून ठेवतो.

मग बघितलं, तो तंबाखू डाव्या हातानं मळत होता. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट सुजून सरळ राहिलं आहे, वाकत नाही. काय झालं विचारलं. दारात चेंगरलं, म्हणाला. कुठल्या दारात? तो हात त्यानं मांडीखाली घेतला. आयुष्यात मी हजार संशय घेतले, त्यातला हा एकच, कोठडीतल्या माराचा, खरा निघाला आहे.

अंबूबाई आतून म्हणाली, लग्नसराईच्या साडीपुरतं सूत मिळालंय, पण ताण्यातला धागा तुटला की सांधायला बोटं लागतात. वैद्य म्हणतो, सहा महिने. ती एकटी सूत भरील, खळ लावील, पायानं माग चालवील, की धागे सांधील?

२९ नोव्हेंबर

चार दिवस झाले, रोज सकाळी उचगावहून शहापूरला चालत जातो. मागापाशी बसतो. धागा तुटला की दोन टोकं चिमटीत धरायची, थुंकी लावायची, पीळ द्यायचा, गाठ इतकी बारीक की मागाच्या फणीत अडकता कामा नये. माझी बोटं रायफलीच्या स्क्रूला सवयलेली. पहिल्या दिवशी सतरा गाठी मारल्या, सतराही सुटल्या. काल तीसातल्या वीस टिकल्या. अंबूबाई हसते. सिद्राम हसत नाही.

तो माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतो. भिंतीला टेकून बसतो आणि माझ्या हाताकडे बघत राहतो. मी गाठ मारली की पुढं वाकतो, डाव्या हातानं धागा ओढून बघतो, पुन्हा ओढतो, नखानं चाचपतो. प्रत्येक गाठ. एकही सोडत नाही.

आज सदुसष्ट गाठी मारल्या. सदुसष्टही त्यानं ओढून बघितल्या. मी हात बाजूला घेतो आणि त्याचं होईपर्यंत थांबतो.